प्लेट काढली, परत लावली, झिरो तिथेच : कायनेमॅटिक कपलिंग आपल्या टूलरूममध्ये कसं बनवायचं

भोसरीत ज्या शॉपमध्ये मी बरीच वर्षं फिक्श्चर (जॉब ठरलेल्या जागी धरून ठेवणारी चौकट) डिझाइन करतोय तिथे रोजचा एक सीन ठरलेला असायचा. शिफ्ट बदलली की चेकिंग फिक्श्चरची प्लेट काढायची, दुसऱ्या जॉबची लावायची, आणि मग ऑपरेटर पपी डायल (बारीक सरकणं दाखवणारं काट्याचं माप) घेऊन वीस मिनिटं प्लेटला डायल मारत बसणार. खाली दोन डॉवेल (प्लेटची जागा धरणाऱ्या गोल पिना) होते, १० मिमीचे, एच७ होल आणि जी६ पिन (मापाला किती सूट ते सांगणारे ठरलेले ग्रेड), म्हणजे पुस्तकाप्रमाणे सगळं बरोबर. पण आकडे मांडून बघा ना, १० मिमीला एच७ म्हणजे ० ते +१५ मायक्रॉन आणि जी६ म्हणजे -५ ते -१४, म्हणजे कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त २९ मायक्रॉन ढिलाई, आणि प्लेट त्या ढिलाईत कुठे बसेल हे दरवेळी नशिबावर.

मग कोणीतरी हुशार माणूस म्हणतोच की फिट टाइट करा. आम्हीही केला. मग प्लेट बसेना, तांब्याच्या हातोडीने ठोकून बसवायची, काढताना टॉमी घालून उचकटायची, आणि दोन महिन्यांत डॉवेलची टोकं चेपून पसरली. एक गोल आणि एक डायमंड पिन (बाजूंनी तासलेली) लावली की जाम होणं कमी होतं हे खरं, बऱ्याच फिक्श्चरला तेवढं पुरतंही, पण ढिलाई काही जात नाही. तुम्हाला २-३ मायक्रॉनच्या आत परत तीच जागा हवी असेल तर रस्ता वेगळा आहे आणि गंमत म्हणजे तो स्वस्त आहे.

गावाकडची तीन दगडांची चूल आठवा. दगड कसेही ओबडधोबड असले तरी भांडं कधी डुगडुगत नाही. आणि टपरीवरचं चार पायांचं टेबल, चारी पाय सुताराने मापून कापलेले असले तरी एका पायाखाली सिगारेटच्या पाकिटाची घडी असतेच. तीन टेकू कुठेही असले तरी एक प्लेन ठरतं, चौथा आला की भांडण सुरू. कायनेमॅटिक कपलिंग म्हणजे हीच गोष्ट सहाही दिशांना लावायची. कुठलीही वस्तू सहा प्रकारे हलू शकते, तीन सरकणं आणि तीन फिरणं, म्हणून तिला बरोबर सहा ठिकाणी टेकवायचं. पाच ठिकाणी टेकवली तर कुठेतरी हलणार, आणि सात झाली की कोणते सहा टेकतील ते त्या दिवशीचं तापमान आणि बोल्ट आवळणारा ठरवणार. दोन डॉवेल आणि खाली सपाट प्लेट, यात किती पॉइंट टेकतायत हे तुम्ही सांगूच शकत नाही, रोग तिथेच आहे.

सहा पॉइंट मांडायच्या दोन जुन्या पद्धती आहेत, दोन्ही एकोणिसाव्या शतकातल्या. केल्व्हिनची पद्धत म्हणजे एक गोळी तीन बाजूंच्या खळग्यात (३ पॉइंट), दुसरी व्ही ग्रूव्हमध्ये (२ पॉइंट), तिसरी सपाट जागेवर (१ पॉइंट). मॅक्सवेलची पद्धत म्हणजे तीन गोळ्या तीन व्ही ग्रूव्हमध्ये, २+२+२. तोच मॅक्सवेल ज्याची इक्वेशनं आपल्याला इंजिनिअरिंगला छळतात. पुढे एमआयटीच्या अलेक्झांडर स्लोकम यांनी १९८८ च्या सुमारास याच्या डिझाइनचं गणित नीट मांडलं आणि फिक्श्चरवाल्यांना हे वापरण्यासारखं झालं. तुम्ही सीएमएमवर (प्रोब टेकवून मापं घेणारं मशीन) काम करत असाल तर हे रोज वापरताच, फक्त दिसत नाही. डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रोल्स रॉइसमध्ये असताना काँकॉर्ड विमानाच्या ऑलिम्पस इंजिनाचे पाइप मोजायला जो टच ट्रिगर प्रोब काढला, ज्यावरून पुढे रेनिशॉ कंपनी झाली, त्यात आत तीन दांड्या आहेत आणि प्रत्येक दांडी दोन गोळ्यांवर टेकते. सहा कॉन्टॅक्टमधून करंट जातो, स्टायलस (प्रोबची टेकणारी सुई) लागला की एखादा कॉन्टॅक्ट सुटायला लागतो आणि सिग्नल मिळतो, सोडला की स्प्रिंग त्याला परत त्याच जागी बसवतो.

मी बहुतेक वेळा मॅक्सवेलच घेतो. कारण तापमान. तिन्ही ग्रूव्ह मध्याकडे तोंड करून असतील तर प्लेट गरम होऊन फुगली की तिन्ही गोळ्या आपापल्या ग्रूव्हमधून सारख्या बाहेर सरकतात आणि मध्य जागेवर राहतो. केल्व्हिनमध्ये खळग्यातली गोळी जागेवर राहते आणि बाकी सगळं तिथून लांब जातं. ॲल्युमिनियम मीटरला, डिग्रीला २३ मायक्रॉन वाढतं आणि स्टील साधारण १२, म्हणजे स्टीलच्या बेसवर ॲल्युमिनियमची प्लेट असेल, खळगा मध्यापासून १०० मिमीवर असेल आणि सकाळ-दुपारचा फरक १० डिग्री असेल तर मध्य ११ मायक्रॉन सरकला. एसी नसलेल्या शॉपमध्ये एप्रिलमध्ये १० डिग्री म्हणजे काहीच नाही. शिवाय केल्व्हिनचा तो तीन बाजूंचा खळगा बनवणं कटकटीचं, लोक त्याऐवजी काउंटरसिंक मारतात आणि तिथे गोळी पूर्ण रिंगवर टेकते, पॉइंटवर नाही, रिंग थोडी जरी अंडाकृती असेल तर परत तेच नशीब. करायचंच असेल तर तीन छोट्या गोळ्या चिकटून बसवा आणि त्यांच्यामधल्या खड्ड्यात चौथी टेकवा, छान तीन पॉइंट मिळतात.

आता प्रत्यक्ष बनवू. समजा २५० बाय २५० ची प्लेट आहे, हलकं चेकिंगचं काम. तीन गोळ्या २०० मिमी पीसीडीवर (गोळ्यांचे सेंटर ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास), १२० डिग्रीला. जमेल तेवढा मोठा त्रिकोण घ्या. २०० पीसीडीवर त्रिकोणाची उंची १५० मिमी येते, म्हणजे एक गोळी १ मायक्रॉन वरखाली बसली तर ३०० मिमी उंच जॉबच्या टोकाला २ मायक्रॉन झुकाव दिसणार. त्रिकोण अर्धा केला तर ४.

गोळ्या बेअरिंगच्याच घ्या, १२ मिमी, हार्डनेस साधारण ६० एचआरसीच्या वर असतो आणि गोलाई मायक्रॉनच्याही आत असते, अशी वस्तू आपण स्वतः बनवायला गेलो तर जन्म जाईल. व्ही ग्रूव्हसाठी लोक वायरकट, हार्डनिंग, ग्राइंडिंग असं सगळं करतात, ठीक आहे, पण माझी आवडती पद्धत डॉवेलची. म्हणजे ज्या डॉवेलला वर शिव्या दिल्या तेच आडवे झोपवायचे. दोन ८ मिमीचे हार्ड डॉवेल समांतर ठेवले आणि वर गोळी टेकवली की झाला व्ही. बाजू ४५ डिग्रीच्या यायला हव्या असतील तर दोन पिनच्या सेंटरमधलं अंतर गोळी अधिक पिन गुणिले ०.७०७, म्हणजे (१२+८) × ०.७०७ = १४.१४ मिमी. आता हे अंतर कसं धरायचं? बेसमध्ये १४.१४ + ८ = २२.१४ रुंदीचा सपाट तळाचा स्लॉट मारा, ६ मिमी खोल, आणि दोन्ही पिन स्लॉटच्या दोन भिंतींना टेकवून ठेवा. गोळी वरून दाबली की ती पिनला खाली आणि बाहेर ढकलते, म्हणजे पिन आपोआप स्लॉटच्या कोपऱ्यात घट्ट बसते, पळायला जागाच नाही. कोपऱ्यात कटरचं रेडियस राहिलं तरी चालतं, पिनचं स्वतःचं रेडियस ४ मिमी आहे, फक्त बर (कटिंगनंतर राहणारी धारदार कड) काढा. पातळ एपॉक्सी लावून, गोळी वर ठेवून वजन देऊन रात्रभर सोडा. भिंत पिनच्या सेंटरच्या वरपर्यंत यायला हवी, म्हणून ६ खोल म्हटलं, ४ केली तर पिन भिंतीच्या काठावर टेकेल.

स्लॉट २२.१४ ऐवजी २२.२० झाला तर? काही होत नाही. तिन्ही गोळ्यांची उंची २० मायक्रॉनने वेगळी आली तर? काही होत नाही. ही गोष्ट आमच्या मशीनिस्टला पटायला सहा महिने लागले. प्लेट थोडी तिरकी बसेल पण दरवेळी तेवढीच तिरकी बसेल, आणि ते तिरकेपण एकदा मोजून ऑफसेटमध्ये टाकलं की संपलं. ॲक्युरसी एकदा मोजून मिळवता येते, रिपीटेबिलिटी डिझाइनमध्येच असावी लागते. टॉलरन्सवर पैसे घालू नका, पृष्ठभागाच्या हार्डनेसवर आणि फिनिशवर घाला.

दिशा मात्र चुकवू नका. पिनची लांबी मध्याकडे जाणारी हवी, म्हणजे सायकलच्या आऱ्यांसारखी. आमच्याकडे एकदा एका नवीन पोराने ड्रॉइंगमध्ये तिन्ही स्लॉट ९० डिग्रीने फिरवून, म्हणजे पीसीडीला स्पर्शरेषेत काढले, आणि मी घाईत सही केली. बनून आलं, प्लेट ठेवली, सगळं मस्त टेकलं, आणि मी बोटाने सहज कोपरा ढकलला तर प्लेट पाटावरल्या भोवऱ्यासारखी हलकेच फिरली. बरोबरच होतं, तिन्ही ग्रूव्ह फिरण्याच्या दिशेलाच मोकळे होते. पोराला ओरडायचं तोंड नव्हतं, सही माझी होती.

गोळ्या वरच्या प्लेटच्या खालच्या बाजूला, १२ च्या होलमध्ये अर्ध्या बुडवून बसवा. होलच्या तळाला ड्रिलचा कोन राहिला तरी चालेल, उलट बरंच, गोळी त्यावर नीट टेकते. एपॉक्सी लावण्याआधी प्रेसवर एकदा दाबून घ्या म्हणजे जे काही चेपायचं ते आत्ताच चेपेल. या मापांनी वरच्या आणि खालच्या प्लेटमध्ये सुमारे ५ मिमी फट राहते. ती राहायलाच हवी, प्लेट कुठेही बेसला टेकता कामा नये. ऑपरेटरला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर त्याला वाटतं प्लेट नीट बसली नाही आणि तो प्रेमाने शिम (पातळ पत्रा) घालून ठेवतो. खरंच घातलेली.

आता जोर किती द्यायचा. इथे हर्ट्झचं गणित येतं, हाइनरिख हर्ट्झ, ज्याच्या नावाने फ्रिक्वेन्सी मोजतात तोच, त्याने १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन गोल वस्तू दाबल्या की काय होतं ते सोडवलं होतं. समजा एकूण प्रीलोड (प्लेटला बेसवर दाबून धरणारा जोर) ३०० न्यूटन आहे, म्हणजे साधारण ३० किलो. एका गोळीवर १००, आणि बाजू ४५ डिग्रीच्या असल्याने एका कॉन्टॅक्टवर ७१ न्यूटन. सपाट बाजूच्या व्ही ग्रूव्हवर १२ ची स्टीलची गोळी असेल तर टेकणारा ठिपका जेमतेम ०.२८ मिमी व्यासाचा होतो, मधला दाब साधारण १.७ गिगापास्कल येतो आणि गोळी ३.३ मायक्रॉन आत दबते. आपल्या पिनच्या व्हीमध्ये पिनही गोल असल्याने दाब वाढून २.३ च्या आसपास जातो. ऐकायला भयंकर वाटतं पण बॉल बेअरिंगचं स्टॅटिक रेटिंग ४.२ गिगापास्कलवर काढतात, तेव्हा हार्ड स्टीलला हे झेपतं. न झेपणारं म्हणजे नरम स्टील. हार्ड न केलेलं ईएन ८ असेल तर पाऊण गिगापास्कलच्या आसपासच ते कायमचं चेपायला लागतं. मी पहिलं कपलिंग असंच केलं होतं, ग्रूव्ह थेट बेसमध्येच मिलिंग करून, पहिला आठवडा सुंदर चाललं, दुसऱ्या आठवड्यात रीडिंग सरकायला लागली, भिंग घेऊन बघितलं तर प्रत्येक ग्रूव्हच्या बाजूवर नखाएवढाही नाही असा चकचकीत खड्डा. एकाच ठिकाणी नाही, शेजारी शेजारी दोन-तीन, आणि गोळी कधी या खड्ड्यात तर कधी त्या.

दाब कमी करायला जोर कमी करण्यापेक्षा गोळी मोठी करणं फायद्याचं. दाब जोराच्या घनमुळाने बदलतो, म्हणजे अर्धा करायचा तर जोर आठपट कमी करावा लागेल, पण गोळीचा व्यास दुप्पट केला तर दाब ३७ टक्के उतरतो. जड कामासाठी मग पूर्ण गोळीऐवजी मोठ्या रेडियसचा तुकडा वापरतात, होडीच्या बुडासारखा दिसतो.

प्रीलोड दरवेळी सारखाच हवा, यावर लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. सपाट ग्रूव्हच्या वरच्या आकड्यांवर प्लेट उभी साडेचार मायक्रॉनच्या आसपास दबलेली असते. प्रीलोड १० टक्के बदलला तर ०.३ मायक्रॉन फरक, चालून जाईल. पण एकाने हलका आवळला आणि दुसऱ्याने दुप्पट, तर पावणेतीन मायक्रॉन गेले, आणि मग तुम्ही गोळ्यांना दोष देत बसणार. माझा उपाय असा की मध्यातून एकच एम८ शोल्डर बोल्ट (आट्यांच्या वर जाड खांदा असलेला) आणि त्याच्या डोक्याखाली डिस्क स्प्रिंगची चळत. बोल्ट शोल्डर टेकेपर्यंत आवळायचा, स्प्रिंग दरवेळी तेवढीच दबते, मग आवळणारा पैलवान असो की शिकाऊ. स्प्रिंगखाली स्फेरिकल वॉशर जरूर घाला, नाहीतर बोल्ट जरा तिरका असला की प्लेटला बाजूला ओढतो आणि घर्षण तिला तिथेच धरून ठेवतं. बोल्ट त्रिकोणाच्या मध्यातच हवा. प्लेट पातळ असेल तर मध्यातला बोल्ट तिला वाकवतो, अशा वेळी २० मिमीपेक्षा पातळ प्लेट मी घेत नाही, किंवा मग प्रत्येक गोळीच्या बरोबर वर एक असे तीन स्प्रिंग लावतो. हलक्या गोष्टींना, कॅमेरा ब्रॅकेट वगैरे, मॅग्नेट मस्त.

हे कपलिंग कटिंगसाठी चालेल का असं प्रत्येक जण विचारतो. सपाट ग्रूव्हच्या वरच्या आकड्यांवर उभा स्टिफनेस साधारण ९७ न्यूटनला १ मायक्रॉन येतो, म्हणजे कटरने २०० न्यूटनने दाबलं तर प्लेट २ मायक्रॉन खाली. हलका फिनिश कट, एन्ग्रेव्हिंग, ईडीएम, ग्राइंडिंग, जरूर. रफिंग नको. कटरचा जोर वर उचलणारा असेल आणि प्रीलोडच्या जवळपास जात असेल तर एखादी गोळी सुटेल आणि जॉब भंगारात. सीएमएम, व्हिजन, लेसर, प्रोब, जिथे जोर नाही तिथे याच्यासारखं काही नाही.

आणखी एक भानगड जी मला कोणी सांगितली नव्हती. बरोबर १२० डिग्रीला केलेलं कपलिंग तीन प्रकारे बसतं, प्लेट १२० ने फिरवून ठेवली तरी छान टेकते, आणि तिन्ही पोझिशनचा झिरो वेगळा. एका कोपऱ्यात एक जाड पिन आणि तिला वरच्या प्लेटमध्ये २-३ मिमी मोकळं होल द्या, उलटी बसणारच नाही. होल खरंच मोकळं असू द्या, तो सातवा पॉइंट होता कामा नये.

झालं की टेस्ट करा. १ मायक्रॉनपेक्षा बारीक वाचणारं काहीतरी हवं. प्लेट उचला, ठेवा, मध्यावर हाताने हलकं दाबा, बोल्ट शोल्डरपर्यंत आवळा, एक्स वाय झेड तिन्ही वाचा, असं तीस वेळा. पहिल्या दहा रीडिंग लिहा पण हिशोबात धरू नका, नवीन कॉन्टॅक्टवरची बारीक टोकं तेव्हा दबत असतात आणि रीडिंग एकाच दिशेला हळूहळू सरकताना दिसतात. उरलेल्या वीसची रेंज १ ते २ मायक्रॉनच्या आत आली तर हात जोडा, काळजीने केलेल्याची मायक्रॉनच्याही आत येते. आणि प्लेट उघड्या हाताने धरू नका. २०० मिमी स्टील १ डिग्री गरम झालं की २ मायक्रॉनच्या वर वाढतं, तळहाताची ऊब तेवढं आरामात करते, हातमोजे घाला आणि लावल्यावर पाच मिनिटं थांबा.

टेस्ट चांगली आली आणि शॉपमध्ये नेल्यावर बिघडली तर ९० टक्के वेळा घाण. गोळी आणि पिन पुसायला कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचा एक धागा १०-२० मायक्रॉन जाड असतो आणि तो बरोबर कॉन्टॅक्टवरच बसतो. न धागे सुटणारं कापड, थोडं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), आणि मग अगदी पातळ तेलाचा हात. कोरडं ठेवलं तर घर्षणामुळे गोळी पूर्ण खाली उतरायच्या आधीच अडकते, ग्रीस थापलं तर धूळ धरते. काही महिन्यांनी कॉन्टॅक्टवर तपकिरी पावडर दिसली तर ते फ्रेटिंग, स्टीलवर स्टील बारीक घासून होतं, सतत व्हायब्रेशन असेल तिथे मग सिलिकॉन नायट्राइडच्या गोळ्या घ्या. महाग पडतात, आणि त्या जास्त कडक असल्याने पिनवरचा दाबही वाढतो, म्हणून प्रीलोड जरा उतरवा.

एका बेसवर पाच-सहा प्लेट फिरवायच्या असतील तर प्रत्येक प्लेटचा ऑफसेट वेगळा येणार, कारण आपण टॉलरन्स मुद्दाम सैल सोडलेत. एकदा सीएमएमवर मोजा आणि एक्स वाय झेड आणि तिन्ही कोन प्लेटच्या कडेवरच नंबर पंच मारून लिहा. कागदावर लिहाल तर तो कागद पहिल्याच खंडेनवमीच्या साफसफाईत जातो. दोन बेस असतील तर कोणत्या बेसवर मोजलं तेही पंच करा, आमच्या प्लेटवर आता 'ब२' असं शेवटी असतं, त्याच्याशिवाय ऑपरेटर ती प्लेट हातात घेत नाही.